डॉ. रखमाबाई : संमतीचा प्रश्न आणि तुरुंगाची शिक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्रीय स्त्रीच्या आत्मभानाचा इतिहास मुख्यतः ग्रंथांच्या आधारे लिहिला गेला आहे. १८८२ या एकाच वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ आणि पंडिता रमाबाईंचे ‘स्त्री धर्मनीति’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. पुढे रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, आनंदीबाई कर्वे यांच्या आत्मकथनांनी मराठी गद्याला एक स्वतंत्र दालन मिळवून दिले. या परंपरेत डॉ. रखमाबाईंना जागा मिळत नाही, याचे कारण उघड आहे. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, आणि ज्या लेखनामुळे त्या गाजल्या ते वर्तमानपत्रातील पत्रांच्या रूपात व तेही इंग्रजीत झाले. त्यांचे खरे विधान ग्रंथात नव्हे, तर मुंबईच्या उच्च न्यायालयात नोंदले गेले. नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय समोर ठेवला गेला तेव्हा या बावीस वर्षांच्या स्त्रीने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

ग्रंथाचे पाठबळ नसलेल्या चरित्रात आख्यायिका लवकर शिरते. रखमाबाईंच्या बाबतीत असेच झाले. त्या प्रत्यक्ष तुरुंगात गेल्या, राणी व्हिक्टोरियाने आपल्या अधिकारात त्यांचा विवाह रद्द केला, त्या भारतातील वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्याच स्त्री होत, अशी विधाने आजही सर्रास केली जातात. मोहिनी वर्दे यांचे मराठी चरित्र आणि सुधीर चंद्र यांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी अभ्यासग्रंथ यांनी या चरित्राची दस्तऐवजी बाजू बरीच स्पष्ट केलेली असूनही ही विधाने टिकून राहिली आहेत. वस्तुस्थिती तपासली असता हे चरित्र आख्यायिकेपेक्षा अधिक गुंतागुंतीचे व अधिक अर्थपूर्ण ठरते.

१. घर आणि विवाह

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. हे कुटुंब सुतार जातीचे. या जातीत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी विवाह केला. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानुसार पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येत असे. जयंतीबाईंनी विवाहापूर्वी ती मिळकत मुलीच्या नावे केली. पुढील खटल्याच्या संदर्भात ही गोष्ट दुय्यम नाही. मुलीच्या नावावर मालमत्ता होती आणि ज्याच्याशी तिचे लग्न लावून दिले गेले तो निर्धन होता.

डॉ. सखाराम अर्जुन हे आपल्या काळातील एक विद्वान व्यक्तिमत्त्व होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी व जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाशी ते संबंधित होते. वनस्पतिशास्त्राचा त्यांना व्यासंग होता आणि १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या संस्थापक सदस्यांतील मोजक्या भारतीयांपैकी ते एक होते. वैद्यकविषयक ज्ञान मराठीत आणण्याचेही काम त्यांनी केले. रखमाबाईंच्या बौद्धिक घडणीत या सावत्र पित्याचा वाटा फार मोठा आहे. तरीही अशा सुधारकी घरात मुलीचे लग्न अकराव्या वर्षी लावले गेले. वर दादाजी भिकाजी हे सखाराम अर्जुनांच्या नात्यातील, वय सुमारे एकोणीस. त्यांनी सासरी राहून शिक्षण घ्यावे व मार्गी लागावे, अशी अपेक्षा होती. सुधारणेचा विचार घरात येतो, पण रूढीच्या उंबरठ्याशी तो थबकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

ही अपेक्षा पूर्ण झाली नाही. दादाजींचे शिक्षणात लक्ष लागले नाही. ते आजारी पडले आणि पुढे आपल्या मामाकडे राहू लागले. रखमाबाई माहेरीच राहिल्या. शाळा सुटली होती, पण वाचन सुटले नव्हते. विवाहानंतर आठ वर्षे लोटली तरी त्या दोघांचा संसार सुरू झाला नव्हता. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला आपल्या घरी पाठविण्याची मागणी केली. रखमाबाईंनी नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

२. दोन निकाल

दादाजींचा दावा वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा होता. रखमाबाईंच्या वतीने त्यांची गरिबी, प्रकृतीची अवस्था आणि ते ज्या घरी राहत होते तेथील वातावरण ही कारणे पुढे करण्यात आली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांच्या वकिलांपैकी एक होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांचा युक्तिवाद शब्दार्थावर आधारलेला होता. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी करावयाची? अजाणत्या वयात लग्न झालेल्या मुलीला प्रौढपणी तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना अमानुष वाटले. या प्रकारचा दावा हा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नसून इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून आलेला आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. निकालाविरुद्ध उठलेले वादळ हिंदू धर्माच्या नावाने उठले, परंतु ज्या उपायाचा आग्रह धरला जात होता तो मुळात परकी होता. पती-पत्नीच्या बेबनावाचा निवाडा येथे परंपरेने जातपंचायत करीत असे आणि अनेक ब्राह्मणेतर जातींत काडीमोडाची व पाटाची सोय होती. रखमाबाईंची जात पुनर्विवाहाला मान्यता देणारी होती. असे असूनही त्यांच्यावर जो आदर्श लादला गेला तो उच्चवर्णीय पतिव्रतेचा होता आणि तो अमलात आणण्याचे साधन मात्र विलायती होते. इंग्रजी न्यायव्यवस्था आणि सनातनी मत यांची ही युती एकोणिसाव्या शतकाच्या सामाजिक इतिहासात अनेकदा आढळते, पण एवढ्या स्पष्ट स्वरूपात क्वचितच.

खटला चालू असतानाच १८८५ च्या जून व सप्टेंबर महिन्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्याचा विषय बालविवाह, दुसऱ्याचा सक्तीचे वैधव्य. बेहरामजी मलबारी यांनी आदल्या वर्षी याच दोन विषयांवर टिपणे प्रसिद्ध करून देशभर चर्चा घडवून आणली होती. त्या चर्चेत पुरुष पुरुषांशी बोलत होते. या पत्रांनी त्यात भोगणाऱ्या स्त्रीचा आवाज आणला. ती पत्रे रखमाबाईंची होती हे पुढे उघड झाले. बालविवाहाने मुलाचेही नुकसान होते, पण त्याचे शिक्षण चालू राहते व त्याला दुसरा विवाह करता येतो. मुलीची मात्र शाळा तुटते आणि मनाची वाढच खुंटते, ही तुलना त्यांनी मांडली. ज्ञानार्जनाची तीव्र ओढ आणि तिच्या आड आलेला विवाह हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. नवऱ्याच्या दोषांपेक्षा संमतीवाचून झालेल्या विवाहावर त्यांचा रोख आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरविला व प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठविले. विवाह विधिवत झाला असेल तर संमतीचा व सहवासाचा प्रश्न गौण ठरतो, असा या निर्णयाचा आशय होता. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. एका महिन्यात रखमाबाईंनी पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी. या दोन गोष्टींपैकी आपण कैद पत्करू, असे रखमाबाईंनी कळविले.

या शिक्षेमागील एक विसंगती नमूद करणे आवश्यक आहे. दिवाणी कार्यपद्धतीच्या संहितेनुसार असा हुकूम न पाळणाऱ्या व्यक्तीला कैद करता येत असे अथवा तिची मिळकत जप्त करता येत असे. हा विचार इंग्लंडमधून आला होता. परंतु खुद्द इंग्लंडमध्ये १८८४ च्या कायद्याने या कारणासाठी कैदेची शिक्षा रद्द झाली होती. ज्या वर्षी मुंबईत दादाजींनी मागणी केली त्याच वर्षी विलायतेत ही शिक्षा संपली. मुंबईतील एका हिंदू स्त्रीला तीन वर्षांनंतर तिचीच धमकी दिली जात होती.

३. वादाचे स्वरूप

फॅरन यांच्या निकालानंतर मराठी वृत्तपत्रांत जो वाद झाला, त्यात रखमाबाई ही व्यक्ती जवळजवळ नाहीशी झाली आणि तिच्या जागी दोन प्रश्न उभे राहिले. हिंदू विवाह हा संस्कार की करार? आणि समाजाच्या अंतर्गत व्यवहारात परकी सरकारने हात घालावा की नाही? विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे ‘नेटिव्ह ओपिनियन’ दादाजींच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्य टिळकांनी रखमाबाईंच्या नकारात स्त्रियांना मिळणाऱ्या इंग्रजी शिक्षणाचा दुष्परिणाम पाहिला व धर्मावरील संकट म्हणून या प्रकरणाची मांडणी केली. मलबारी व मुंबईतील सुधारक रखमाबाईंच्या बाजूने होते आणि त्यांच्या बचावासाठी एक समितीही स्थापन झाली. याच काळात ‘केसरी’च्या अंतरंगातही सामाजिक सुधारणेवरून मतभेद तीव्र झाले होते. गोपाळ गणेश आगरकर ऑक्टोबर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले. या फुटीचे कारण केवळ रखमाबाईंचा खटला होता असे म्हणता येणार नाही, पण ज्या वैचारिक वातावरणात ती झाली त्याचा हा खटला एक ठळक भाग होता.

पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेत होत्या. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या खटल्याची दखल घेतली. समाजातील पुरुषवर्ग आणि इंग्रज सरकार या दोघांचे स्त्रीच्या प्रश्नावर एकमत होते, हे मर्म त्यांनी अचूक ओळखले. रखमाबाईंच्या अनुभवाचे इतके निर्भीड आकलन समकालीनांत क्वचितच दुसऱ्या कोणी केले असेल.

एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रखमाबाईंचे पत्र प्रसिद्ध झाले. ते राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. ठरावीक वयापूर्वी, म्हणजे मुलाच्या विसाव्या व मुलीच्या पंधराव्या वर्षापूर्वी, झालेले विवाह न्यायालयाने ग्राह्य धरू नयेत, अशी तरतूद कायद्यात करावी, अशी त्यांची विनंती होती. स्वतःची सुटका मागण्याऐवजी कायद्यात दुरुस्ती मागणे, ही त्यांच्या चरित्रातील निर्णायक पायरी होय. येथे त्या फिर्यादीतील प्रतिवादी न राहता एका प्रश्नाच्या प्रवक्त्या होतात.

राणीने विवाह रद्द केल्याची आख्यायिका बहुधा याच पत्रातून निर्माण झाली असावी. प्रत्यक्षात तसे काहीही घडले नाही. कैदेचा हुकूम अमलात आला नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. कायद्याच्या दृष्टीने विवाह कायमच राहिला. दादाजींना पुन्हा विवाह करण्यास कोणतीही आडकाठी नव्हती, रखमाबाईंना मात्र ती होती. ज्या नकारासाठी त्यांनी तुरुंग पत्करला होता त्याची किंमत अखेर रोख रकमेत मोजली गेली. हा शेवट विजयाचा नव्हे. न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही आणि समाजानेही ते मान्य केले नाही. त्यांना केवळ मोकळे सोडण्यात आले.

४. नगरच्या संदर्भातील एक तुलना

रखमाबाईंचा प्रश्न केवळ मुंबईच्या एका घरापुरता नव्हता, हे अहमदनगरच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शिक्षणाचे काम दीर्घकाळ केले व १८६२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. याच नगरशी पुढे लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य जोडले गेले. रखमाबाईंप्रमाणेच त्यांचेही लग्न अकराव्या वर्षी झाले होते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पती-पत्नी काही वर्षे विभक्त राहिली.

धर्मांतरिताच्या विवाहासंबंधी १८६६ साली एक कायदा झाला होता. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीबरोबर राहण्यास जोडीदाराने नकार दिला, तर न्यायालयात विचारणा व मुदत यांनंतर तो विवाह संपुष्टात येऊ शकत असे आणि दोघांनाही नव्या विवाहाची मोकळीक मिळत असे. म्हणजे पत्नीच्या नकारानंतर विवाह संपू शकतो, ही कल्पना रखमाबाईंच्या खटल्यापूर्वी वीस वर्षे सरकारला मान्य होती. मात्र तिचे प्रयोजन धर्मांतरिताची सोय हे होते. स्त्रीची संमती हे नव्हते. टिळक दाम्पत्याने त्या कायद्याचा आश्रय घेतला नाही. लक्ष्मीबाई स्वतःच्या गतीने, स्वतःच्या विचाराने पतीकडे गेल्या आणि नगर-राहुरीच्या परिसरात त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ही कथा मराठी वाचकांच्या घराघरांत पोचली. एकीने जाण्याचा निर्णय घेतला, दुसरीने न जाण्याचा. दोन्ही निर्णयांचे मोल सारखेच आहे, कारण दोन्ही त्यांचे स्वतःचे होते. परंतु मराठी वाङ्मयाने जाणारीची कथा जपली आणि नाकारणारीची विसरली. यास केवळ लेखनाचा अभाव कारणीभूत आहे की वाचकसमाजाची आवडही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

५. वैद्यकीय सेवेची पस्तीस वर्षे

खटल्याच्या काळातच रखमाबाईंच्या मनात वैद्यकाचे शिक्षण घेण्याचा विचार पक्का झाला होता. सावत्र पित्याचे १८८५ मध्ये निधन झाले होते, पण त्यांच्या व्यवसायाचे संस्कार होते. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांचे प्रोत्साहन मिळाले आणि इंग्लंडमधील मॅकलॅरेन दाम्पत्याच्या साहाय्याने १८८९ साली त्या लंडनला गेल्या. स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी अभ्यास केला. १८९४ साली त्यांनी स्कॉटलंडमधील परवाना परीक्षा उत्तीर्ण केल्या आणि ब्रुसेल्सची एम. डी. ही पदवी मिळविली. आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवी घेऊन परतल्या, परंतु १८८७ च्या प्रारंभी त्यांचा अंत झाला. कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनी रखमाबाईंच्या आधीच व्यवसाय सुरू केला होता. तेव्हा पहिलेपणाचा मान रखमाबाईंना देण्याचे कारण नाही. त्यांचे श्रेय सेवेच्या सातत्यात आहे.

मायदेशी परतल्यावर १८९५ च्या सुमारास त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली आणि दोन दशकांहून अधिक काळ ती सांभाळली. सुरत हे नाव मराठी स्त्रीविचाराच्या इतिहासात आधी एका करुण कारणाने आले होते. १८८१ साली तेथील विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, तिला फाशीची शिक्षा झाली व नंतर ती काळ्या पाण्यावर आणण्यात आली. त्या प्रकरणाच्या संतापातून ताराबाईंचे पुस्तक जन्माला आले. ज्या शहराने एका स्त्रीला न्यायालयात उभे केले, त्याच शहरात न्यायालयातून सुटून आलेल्या दुसऱ्या स्त्रीने हजारो स्त्रियांची शुश्रूषा केली. प्लेगच्या कठीण काळातील कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तेथे राहिल्या.

१९०४ साली दादाजींचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेचा वेष धारण केला असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ज्या विवाहाला त्यांनी आयुष्यभर मान्यता दिली नाही त्याच्या शेवटाची खूण अंगावर का घ्यावी, असा प्रश्न वाचकाला पडतो. लोकरूढीशी तडजोड, रुग्णालयात येणाऱ्या परंपरानिष्ठ स्त्रियांचा विश्वास राखण्याची गरज, की एका दीर्घ प्रकरणाचा स्वतःपुरता समारोप, यांपैकी एकच उत्तर निवडण्याची घाई करू नये. बंडखोर व्यक्तीच्या आयुष्यातील अशा विसंगती झाकण्यापेक्षा जशाच्या तशा नोंदविणे चरित्राच्या दृष्टीने अधिक हिताचे असते. १९२९ साली त्यांनी पडदापद्धतीच्या निर्मूलनासाठी एक पुस्तिका लिहिली. तीत तरुण विधवांना समाजकार्यात वाव मिळत नाही याची खंत आहे. म्हणजे वेष बदलला तरी विचार बदलला नव्हता.

६. नंतरचा कायदा

रखमाबाईंच्या नकाराचे परिणाम त्यांच्या हयातीत हळूहळू कायद्यात उतरले. त्यांच्या खटल्याने पेटलेला वाद आणि १८९० सालचे बंगालमधील फुलमणीचे प्रकरण यांच्या पार्श्वभूमीवर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला व मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. रखमाबाईंची पंधराची मागणी त्या मानाने किती पुढची होती हे यावरून कळते. १९०८ च्या दिवाणी संहितेने वैवाहिक हक्कांच्या हुकमासाठी कैद टाळण्याचा अधिकार न्यायालयास दिला आणि १९२३ च्या दुरुस्तीने ही कैद पूर्णतः रद्द झाली. ज्या शिक्षेची टांगती तलवार बावीस वर्षांच्या रखमाबाईंवर होती ती नाहीशी झाली तेव्हा त्यांनी साठीकडे वाटचाल केली होती.

मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा अमलात आला. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशभर मिळाला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाई वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत निवर्तल्या. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात मात्र वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा तो जुना विलायती उपाय कायम ठेवण्यात आला. खुद्द इंग्लंडने तो १९७० साली रद्द केला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले, तर १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. कैद गेली, पण जो प्रश्न न्यायमूर्ती पिन्ही यांच्यासमोर आला होता तो शिल्लक राहिला. सहजीवन हे न्यायालयाच्या हुकमाने निर्माण करता येते काय? रखमाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर १८८७ साली दिले होते, आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या कैदेची तयारी ठेवली होती. त्यांच्या चरित्राचे मोल त्यांनी भोगलेल्या शिक्षेत नाही. ती त्यांना भोगावीच लागली नाही. ते त्या शिक्षेसमोरही न ढळलेल्या निश्चयात आहे.